घरपट्टी घराची की हॉटेलाची? पर्यटकांना घर देणारे मालक एकत्र येऊन कशासाठी भांडतात

अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात, बर्फाळ डोंगराच्या पायथ्याशी शेजारी शेजारी दोन घरं आहेत असं समजा. दोन्ही सारखीच, दोन्हींचा बाजारभाव दहा लाख डॉलर. एका घरात एक कुटुंब बारा महिने राहतं. दुसऱ्याचे मालक दोन राज्यं पलीकडे राहतात. त्यांच्या दाराला आकडे जुळवले की उघडणारी किल्लीची डबी अडकवलेली असते. दर तीन-चार दिवसांनी नवे पाहुणे येतात, आणि एक गेले की दुसरे यायच्या आत सफाईवाली चादरी बदलून जाते. दोन्ही घरांना मालमत्ता कर मात्र सारखाच.

हा कर निघतो कसा ते आधी बघू, कारण सगळं भांडण त्या हिशेबात दडलेलं आहे. कोलोराडोत घराच्या पूर्ण किमतीवर कर लागत नाही, किमतीच्या एका ठरावीक हिश्शावर लागतो. राहत्या घरासाठी हा हिस्सा २०२४ मध्ये ६.७ टक्के होता. म्हणजे दहा लाखांच्या घराचं करपात्र मूल्य झालं ६७ हजार. त्यावर गाव, तालुका, शाळा, अग्निशमन दल असे सगळे आपापला दर लावतात. हा दर ‘मिल’मध्ये मोजतात, आणि एक मिल म्हणजे हजारामागे एक डॉलर. सगळे मिळून ५० मिल धरले, तर वर्षाचा कर ३,३५० डॉलर.

२०२४ साली कोलोराडोच्या विधिमंडळात एक विधेयक आलं. त्याचं म्हणणं साधं होतं. जे घर मालकाचं स्वतःचं मुख्य घर नाही आणि वर्षात ९० दिवसांहून जास्त पर्यटकांना दिलं जातं, ते हॉटेलच. मग त्याला हॉटेलाचाच हिस्सा लावा, २७.९ टक्के. आता त्याच दहा लाखांच्या घराचं करपात्र मूल्य झालं २ लाख ७९ हजार, आणि त्याच ५० मिलच्या दराने कर १३,९५० डॉलर. वीट हलली नाही, खोली वाढली नाही, पण कर चौपटीच्या वर गेला.

मालक एकत्र येतात ते इथे. हे विधेयक मंजूर झालं नाही. राज्यभरातले मालक सुनावणीला आले, आमदारांना पत्रं गेली, घरं सांभाळणाऱ्या कंपन्या आणि घरांचे दलाल त्यांच्या बाजूने उभे राहिले. याआधी २०२० मध्येही अशाच धाटणीचं विधेयक येऊन पडलं होतं. ते पुन्हा येणार नाही असं मात्र तिथे कोणीच धरून चालत नाही.

हा एवढा मोठा फरक आला कुठून, हा प्रश्न पडायला हवा. पर्यटकांच्या घरांचा विचार करून कोणी हे आकडे ठरवलेले नव्हते. १९८२ साली कोलोराडोच्या मतदारांनी राज्यघटनेत एक दुरुस्ती केली. राज्यातल्या एकूण करपात्र मूल्यात राहत्या घरांचा वाटा साधारण ४५ टक्क्यांच्या आसपास राहावा आणि व्यापारी मालमत्तेचा हिस्सा २९ टक्क्यांवर पक्का असावा, असा तिचा अर्थ होता. पुढे घरांच्या किमती भराभर वाढल्या. वाटा तेवढाच ठेवायचा तर घरांचा हिस्सा खाली आणावाच लागे. तो २१ टक्क्यांपासून घसरत घसरत ७ टक्क्यांच्या जवळ आला. २०२० मध्ये मतदारांनी ती दुरुस्ती रद्द केली, पण तोवर घर आणि दुकान यांच्या करात जी दरी पडायची ती पडली होती. पर्यटकांना लोकांची घरं भाड्याने मिळवून देणारं एअरबीएनबी हे संकेतस्थळ २००८ मध्ये सुरू झालं, म्हणजे दुरुस्तीनंतर २६ वर्षांनी. लोक आपल्या घरात हॉटेल चालवू लागतील हे १९८२ मध्ये कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. आज दोन्ही बाजू ‘हेच न्याय्य’ म्हणून ज्या आकड्यांवर बोट ठेवतात, ते आकडे दुसऱ्याच काळातल्या दुसऱ्याच भांडणातून उरलेले आहेत.

कर अनेक, राग एकाचाच

इथे एक गल्लत नेहमी होते. पर्यटकांच्या घराशी जोडलेले कर आणि शुल्क तीन वेगवेगळ्या प्रकारचे असतात, आणि मालकांची प्रत्येकावरची प्रतिक्रिया वेगळी असते.

पहिला मुक्कामाचा कर. हॉटेलात राहिलं की खोलीच्या भाड्यावर लागतो तोच. तो पाहुणा भरतो. एअरबीएनबीने २०१४ पासून पोर्टलंड आणि सॅन फ्रान्सिस्को इथे हा कर पाहुण्यांकडून आपणच गोळा करून शहराला द्यायला सुरुवात केली, आणि नंतर ही पद्धत पसरली. मालकांना हा कर फारसा बोचत नाही. उलट सुनावणीत ते अभिमानाने सांगतात, ‘आमच्या पाहुण्यांमुळे गावाला इतका महसूल मिळतो.’ तो फार वाढला तरच कुरकुर होते. स्टीमबोट स्प्रिंग्ज या स्कीइंगच्या गावात नोव्हेंबर २०२२ मध्ये मतदारांनी अशा घरांच्या मुक्कामावर आणखी ९ टक्के कर मंजूर केला. पैसा कामगारांना परवडतील अशा घरांसाठी. आता तिथे पाहुण्याच्या बिलावर सगळे कर मिळून वीस टक्क्यांच्या वर जातात.

दुसरं परवाना शुल्क. ब्रेकनरिज या डोंगरगावाने २०२१ मध्ये अशा परवान्यांच्या संख्येवर मर्यादा आणली आणि सोबत शयनकक्षामागे वार्षिक शुल्क लावलं. २०२३ साठी ते ७५६ डॉलर होतं, म्हणजे चार शयनकक्षांच्या घराला वर्षाला ३,०२४. गावाने याला ‘कर’ म्हटलं नाही, ‘शुल्क’ म्हटलं, आणि तो शब्द जपून निवडलेला आहे. १९९२ पासून कोलोराडोत कोणताही नवा कर मतदारांना विचारल्याशिवाय लावता येत नाही, शुल्क मात्र लावता येतं. शुल्क असेल तर पैसा ज्या कारणासाठी घेतला त्यालाच लागला पाहिजे, आणि तो त्या खर्चाच्या प्रमाणात असला पाहिजे. गावाचं म्हणणं, पर्यटकांच्या घरांमुळे कामगार लागतात, कामगारांना घरं लागतात, त्या खर्चाचा हा वाटा. मालकांचं म्हणणं, हा करच आहे, फक्त कपडे बदलून आलाय. शब्दांचा कीस वाटेल, पण लाखो डॉलर या दोन शब्दांच्या मधल्या फटीत असतात.

तिसरा मालमत्ता कर. खरा राग याच्यावर. मुक्कामाचा कर पाहुणा आला तरच लागतो, मालमत्ता कर घर रिकामं असलं तरी लागतो. तो पाहुण्याकडून वसूल करणंही सोपं नसतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तो घराच्या किमतीतच उतरतो. वर्षाला दहा हजार जास्त कर भरावा लागणारं घर विकत घेणारा तेवढी कमीच किंमत देणार. म्हणून वर्षात शंभर दिवसही घर भाड्याने न देणारा मालक या विरोधात उभा राहतो. त्याला त्या वर्षाच्या बिलापेक्षा आपल्या आयुष्यभराच्या बचतीची भीती वाटत असते. ही भीती खोटी नाही.

हवाई बेटांवर वर्गवारीचा हाच प्रकार जास्त उघड आहे. होनोलुलूत राहत्या घराचा मूळ दर किमतीच्या दर हजार डॉलरमागे साडेतीन डॉलर, हॉटेलाचा १३.९०. माउई बेटावर तर स्वतः राहणाऱ्या मालकाला मधल्या किमतीच्या घरावर हजारामागे दोन डॉलरहूनही कमी द्यावे लागतात आणि पर्यटकांना देणाऱ्याला अकराहून जास्त. तिथल्या स्थानिक सरकारच्या मालमत्ता कराच्या उत्पन्नात पर्यटकांच्या घरांचा वाटा सगळ्यात मोठा आहे. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

‘मालक’ म्हणजे नक्की कोण

बातम्यांत ‘मालक संघटित झाले’ असं एका दमात लिहिलं जातं. पण सुनावणीच्या सभागृहात जाऊन बसलं तर एकाच टी-शर्टात चार निरनिराळ्या जातीचे लोक दिसतात.

अशा सुनावण्यांचं चित्र ठरलेलं असतं. प्रत्येकाला दोन किंवा तीन मिनिटं. समोर लहानसा दिवा, हिरव्याचा पिवळा होतो, पिवळ्याचा लाल. पहिल्यांदा बोलायला येते निवृत्त बाई. नवरा गेला, खालचा मजला पाहुण्यांना देते, त्यातून कर्जाचा हप्ता जातो. मग सफाईचं काम करणारी, जिच्या हाताखाली सहा बायका आहेत आणि आठवड्याला तीस घरं. मग दूरच्या शहरातून आलेलं जोडपं, ज्यांनी पुढे म्हातारपणी तिथे राहायचं म्हणून आत्ताच घर घेतलंय आणि तोवर भाड्यावर चालवताहेत. वीस-पंचवीस फ्लॅट चालवणारी कंपनी सहसा स्वतः बोलत नाही. तिचा वकील मागच्या रांगेत बसलेला असतो. आणि मग शेजारी येतो, हातात फोन, फोनमध्ये उलटलेल्या कचऱ्याच्या डब्याचे आणि रात्री एकला रस्ता अडवून उभ्या असलेल्या गाड्यांचे फोटो.

पहिल्या तिघांच्या गोष्टी खऱ्या असतात. पण त्या गोष्टींच्या आडोशाला चौथ्याचा, म्हणजे कंपनीचा, फायदा होतो, आणि मला वाटतं या सगळ्या चळवळीतली सगळ्यात अवघड गोष्ट हीच आहे. वर सांगितलेल्या कोलोराडोच्या विधेयकात स्वतःच्या मुख्य घराला सूट होती. खालचा मजला देणाऱ्या बाईला एक डॉलरही जास्त पडला नसता. असे मसुदे आले की संघटनेची परीक्षा लागते, ती बाई आता कोणाच्या बाजूने बोलणार?

न्यूयॉर्कमध्ये याचं उत्तर वेगळं मिळालं. तिथे लोकल लॉ १८ हा कायदा ५ सप्टेंबर २०२३ पासून अमलात आला. ३० दिवसांहून कमी मुक्काम असेल तर यजमानाने नोंदणी करायची, पाहुणे असताना स्वतः घरात हजर राहायचं आणि दोनच पाहुणे ठेवायचे. हजारो घरं यादीतून गेली. तेव्हा एक-दोन कुटुंबांच्या छोट्या घरांत राहणाऱ्या मालकांनी आपली वेगळी संघटना पुढे आणली, रोअर नावाची. त्यांचं म्हणणं होतं की मोठ्या इमारती गिळणाऱ्या गुंतवणूकदारांत आम्हाला मोजू नका, आम्ही वरच्या मजल्यावर राहतो आणि खालचा देतो, त्याच भाड्यावर आमचं घर टिकतं. स्वतःला मोठ्यांपासून तोडून घेणं ही त्यांनी ताकद मानली. २०२४ मध्ये शहराच्या काउन्सिलमध्ये अशा घरांसाठी नियम सैल करणारं विधेयक आलं ते या दबावामुळेच.

जिथे मत नाही तिथे वकील

आता मुख्य मुद्दा. या संघटना कधी जिंकतात आणि कधी हरतात हे बऱ्याच ठिकाणी पाहिलं की एक गोष्ट ठळकपणे दिसते. मतपेटीजवळ त्या बहुतेक वेळा कमजोर असतात, राज्याच्या राजधानीत आणि कोर्टात तगड्या. कारण सरळ आहे. पर्यटनाच्या गावात घर असलेला माणूस तिथे कर भरतो, पण मत देतो तो राहत्या शहरात. गावच्या नगराध्यक्षाला त्याची नाराजी परवडते.

याचा पुरावा म्हणून दोन निवडणुका शेजारी ठेवून बघा. २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘प्रपोझिशन एफ’ मतदानाला आलं. वर्षाला ७५ रात्रींची मर्यादा आणि कडक अंमलबजावणी, असा प्रस्ताव. एअरबीएनबीने त्याविरुद्ध ८० लाख डॉलरहून अधिक खर्च केले, पण नुसत्या पैशाने झालं नाही. यजमान त्याच शहरात राहत होते. ते शेजाऱ्यांची दारं ठोठावत फिरले आणि त्यांना स्वतःलाही मत होतं. प्रस्ताव पडला. त्यानंतर लगेच कंपनीने शंभर शहरांत यजमानांचे क्लब उभे करण्याची घोषणा केली, म्हणजे मतदार असलेला यजमान हीच आपली खरी ताकद हे तिने ओळखलं होतं.

चार वर्षांनी न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत डाव उलटला. तिथे २०१५ मध्ये शहराने अशा भाड्याला मोकळीक दिली होती. लोकांनी लांब मुदतीचे करार करून फ्लॅट घेतले, फर्निचर घातलं, व्यवसाय उभा केला. २०१९ मध्ये शहराने नियम कडक केले. मालक राहत नसेल तर वर्षाला ६० रात्री, आणि भाडेकरूंनी हा धंदा करायचाच नाही. एअरबीएनबीने सह्या गोळा करून हा नियम मतदानाला आणायला लावला, ४० लाख डॉलरहून अधिक खर्च केले, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास मतदारांनी नियमाच्या बाजूने कौल दिला. या वेळी फ्लॅट चालवणारे बरेचसे तिथे राहतच नव्हते.

गावात हरलेला मग राज्याकडे जातो. ॲरिझोनाने २०१६ मध्ये कायदा करून शहरांचे हातच बांधले, पर्यटकांच्या घरांवर बंदी घालायची नाही. कायदा मांडताना चित्र होतं एखादी खोली भाड्याने देऊन चार पैसे मिळवणाऱ्या कुटुंबाचं. पुढे सेडोनासारख्या लाल खडकांच्या गावात बाहेरच्या गुंतवणूकदारांनी घरं घेतली आणि गावात नोकरी करणाऱ्यांना गावात राहणं परवडेना. २०२२ मध्ये राज्याने परवाना देण्याचा आणि वारंवार नियम मोडणाऱ्याचा परवाना थांबवण्याचा अधिकार शहरांना परत दिला, पण संख्येवर मर्यादा घालायचा नाही. २०२४ मध्ये सेडोनाच्या काउन्सिलने, गावात कामाला असूनही गाडीत झोपणाऱ्या लोकांना रात्री सुरक्षितपणे गाड्या लावता याव्यात म्हणून एक वाहनतळ मंजूर केला. त्याच वर्षी मतदारांनी तो निर्णय फिरवला. इतक्या संघटनांची नावं या लेखात येतात, पण गाडीत झोपणाऱ्याची संघटना नाही. त्याला गावात पत्ता नाही, मग मत कुठलं?

आणि मग कोर्ट. मालकांच्या वकिलांकडे साधारण तीन युक्तिवाद असतात.

एक, ‘जे आधीपासून कायदेशीर होतं ते तुम्ही मागाहून बेकायदा करू शकत नाही.’ हा सगळ्यात भक्कम. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराने २०१६ मध्ये ठरवलं होतं की मालक राहत नसलेल्या घरांचं पर्यटक-भाडं २०२२ पर्यंत निवासी भागातून संपवायचं. मालकांनी दावा केला, राज्याचे ॲटर्नी जनरलही त्यांच्या बाजूने उतरले, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये अपील कोर्टाने ही बंदी रद्द ठरवली. मागे जाऊन लागू होणाऱ्या कायद्यांना टेक्सासच्या घटनेत मनाई आहे, हा त्यातला कणा. होनोलुलूत २०२२ मध्ये किमान मुक्काम ३० दिवसांवरून ९० दिवसांवर नेणारा नियम आला. ३० दिवसांच्या करारावर घर देणारे मालक एका संघटनेमार्फत फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात गेले आणि नियम लागू व्हायच्या दहा दिवस आधी मनाई हुकूम घेऊन आले. राज्याचाच कायदा सांगतो की चालू असलेला कायदेशीर निवासी वापर स्थानिक सरकारला असा पुसता येत नाही.

दोन, ‘तुम्ही बाहेरच्या माणसाशी दुजाभाव करताय.’ न्यू ऑर्लीन्सने निवासी भागात परवाना हवा असेल तर ते घर तुमचं स्वतःचं राहतं घर असल्याचा पुरावा मागितला, आणि पुरावा म्हणजे मालमत्ता करातली राहत्या घराची सवलत. कर आणि परवाना यांची गाठ अशी नेमकी पडते. ऑगस्ट २०२२ मध्ये पाचव्या सर्किटच्या, म्हणजे देशाच्या एका विभागाच्या, फेडरल अपील कोर्टाने ही अट उडवली. अमेरिकेच्या संविधानानुसार राज्याराज्यांतल्या व्यापारात बाहेरच्याला निव्वळ बाहेरचा म्हणून दार बंद करता येत नाही. मालक जिंकले, पण शहर गप्प बसलं नाही. २०२३ मध्ये नवा नियम आला, निवासी भागात चार रस्त्यांनी वेढलेल्या घरांच्या एका ब्लॉकमध्ये एकच परवाना, आणि अर्ज जास्त आले तर सोडत. स्थानिक असो की बाहेरचा, चिठ्ठी सगळ्यांना सारखी. कोर्टातला विजय गावाला पुष्कळदा नवा मसुदा शिकवतो, आणि तो मसुदा आधीच्याहून कडक निघू शकतो.

तीन, ‘तुम्ही माझी मालमत्ताच काढून घेतलीत, भरपाई द्या.’ ऐकायला जोरदार, टिकायला कच्चा. जर्सी सिटीचे मालक हाच युक्तिवाद घेऊन गेले आणि २०२२ मध्ये तिसऱ्या सर्किटच्या अपील कोर्टात हरले. घर अजून तुमचंच आहे, लांब मुदतीने भाड्याने देता येतं, विकता येतं. नफा कमी झाला म्हणजे मालमत्ता गेली असं होत नाही.

घरभाडं खरंच वाढतं का

मालक म्हणतात, घरटंचाईचा दोष आमच्यावर ढकलू नका, घरं बांधलीच जात नाहीत. विरोधक म्हणतात, तुम्हीच घरं खाल्लीत. या विषयावर ज्याचा हवाला दोन्ही बाजू देतात तो बॅरन, कुंग आणि प्रोसर्पियो यांचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. अमेरिकाभरच्या एअरबीएनबीच्या नोंदींवरून त्यांनी हिशेब मांडला की एखाद्या भागात अशा घरांची संख्या १ टक्का वाढली तर घरभाडं ०.०१८ टक्के आणि घरांच्या किमती ०.०२६ टक्के वाढतात. मालक हा आकडा दाखवून म्हणतात, बघा, किती किरकोळ! पण अशा घरांची संख्या एका टक्क्याने वाढत नव्हती, काही वर्षांत ती कित्येक पटींनी वाढली. आणि हा सगळ्या देशाचा सरासरी आकडा आहे. ज्या भागात स्वतः राहणारे मालक कमी, तिथे परिणाम जास्त, हेही त्याच अभ्यासात आहे. स्कीइंगचं गाव किंवा समुद्रकाठचं बेट हे असंच ठिकाण.

माउई बेटावर हा हिशेब कागदावर राहिला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये लहाइना गाव जळालं, शंभरहून अधिक माणसं गेली, हजारो बेघर झाली. त्यानंतर काही महिन्यांनी वाचलेले लोक काआनापालीच्या किनाऱ्यावर, मोठमोठ्या हॉटेलांच्या समोर, मासेमारीच्या काठ्या रोवून बसले. किनाऱ्यावर तंबू ठोकायला मनाई आहे, मासेमारीचा हक्क मात्र आहे, म्हणून काठ्या. मागणी एकच, पर्यटकांना दिलेले फ्लॅट आम्हाला राहायला द्या. २०२४ मध्ये महापौर रिचर्ड बिसेन यांनी निवासी इमारतींमधले हजारो पर्यटक-फ्लॅट टप्प्याटप्प्याने बंद करायचा प्रस्ताव मांडला. हे फ्लॅट २००१ सालच्या एका सरकारी वकिलाच्या कायदेशीर मतावर आजवर चालत होते. त्या वकिलाच्या आडनावावरून या फ्लॅटच्या यादीला ‘मिनाटोया यादी’ म्हणतात.

मालकांनी जीव तोडून विरोध केला. आणि इथे मघाची कराची गोष्ट येते. त्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा भावनेचा नव्हता, हिशेबाचा होता. सगळ्यात जास्त दराने कर भरणाऱ्या आम्हालाच बंद केलंत, तर तुमची तिजोरी भरणार कोण? हवाई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रज्ञांनीही म्हटलं की अशा फ्लॅटच्या किमती २० ते ४० टक्क्यांनी खाली येतील, रोजगार घटेल आणि स्थानिक सरकारचा महसूलही. त्याच अहवालात असंही होतं की सहा हजारांच्या वर घरं रहिवाशांसाठी मोकळी होतील. म्हणजे एका कागदात दोन्ही बाजूंचा पुरावा. सुनावण्या दिवसेंदिवस चालल्या, आणि २०२५ च्या डिसेंबरमध्ये काउन्सिलने काही वर्षांची मुदत देऊन प्रस्ताव मंजूर केला. ज्यांच्यावर बेटाची तिजोरी चालते त्यांचं न ऐकता जे मत देतात त्यांचं ऐकलं. एरवी मी अशा निर्णयाला घाईचा म्हटलं असतं. जळालेल्या गावाच्या लोकांना किनाऱ्यावर काठ्या रोवून बसावं लागलं हे पाहिल्यावर नाही म्हणवत.

अमेरिकेबाहेर ही करवर्गाची लढाई सगळ्यात नेमकी झाली ती वेल्समध्ये. तिथे सुट्टीसाठी भाड्याने दिलेलं घर व्यवसाय मानलं तर व्यावसायिक दर लागतात, आणि लहान व्यवसायाची सूट मिळाली तर पुष्कळदा काहीच भरावं लागत नाही. व्यवसाय मानण्यासाठी आधी वर्षात ७० दिवस प्रत्यक्ष भाडं पुरे होतं. एप्रिल २०२३ पासून ते १८२ दिवस झालं. तेवढे भरले नाहीत तर घर पुन्हा घरपट्टीत, आणि दुसरं घर म्हणून स्थानिक काउन्सिल त्यावर ३०० टक्क्यांपर्यंत जादा कर लावू शकते. आता विचार करा, डोंगरातलं दगडी घर, हिवाळ्यात धो धो पाऊस, चार वाजता अंधार. १८१ दिवस भरले तर घर, १८२ भरले तर धंदा. मालकांची सगळी चळवळ त्या एका दिवसाभोवती फिरली. लोक नोव्हेंबरातल्या रात्री पडत्या भावाने देऊ लागले, निव्वळ दिवस भरावेत म्हणून. काही शेतकऱ्यांनी गोठ्याचं घर करताना बांधकाम परवान्यातच अट होती की इथे कायम राहायचं नाही, सुट्टीसाठीच द्यायचं. त्यांची तक्रार सगळ्यात खरी होती, आणि जादा करातून त्यांना सूट मिळाली. जी संघटना असा नेमका अन्याय दाखवू शकते तिचं सरकार ऐकतं. ‘सगळंच रद्द करा’ म्हणणाऱ्यांचं नाही ऐकलं.

माझं मत विचाराल तर दिवसांनुसार पायरी-पायरीने चढणारा कर हा त्यातल्या त्यात बरा मार्ग आहे. नव्वदाव्या दिवसाला घर आणि एक्क्याण्णवाव्याला हॉटेल, एका उडीत चौपट, ही रचना प्रामाणिक मालकालाही खोटी नोंद करायला शिकवते. पण वर्षातले तीनशे दिवस पाहुणे उतरणाऱ्या घराने राहत्या घराचा कर भरायचा, हेही मला पटत नाही. शेजारच्या कुटुंबाने तोच कर भरायचा, आणि वर रात्री एक वाजता रस्ता मोकळा व्हायची वाटही बघायची.

मत आणि कर यांचा जो तिढा सांगितला, तो बघायचा तर कोलोराडोतच परत जावं लागेल. टेल्युराइड हे जुनं खाणींचं गाव आणि डोंगरावरचं माउंटन व्हिलेज हे नवं गाव, दोन्ही फुकट चालणाऱ्या गोंडोलाने, म्हणजे तारेवरच्या पाळण्याने, जोडलेली. टेल्युराइडमध्ये तिथे राहणाऱ्यालाच मत आहे. माउंटन व्हिलेजच्या सनदेत मात्र बाहेर राहणाऱ्या मालकालाही गावच्या निवडणुकीत मताचा अधिकार दिलेला आहे. रहिवाशांनी त्याला आव्हान दिलं होतं, १९९७ मध्ये फेडरल अपील कोर्टाने तो कायम ठेवला. खालच्या गावात घर असलेला बाहेरचा माणूस नगरसभेपुढे तीन मिनिटं बोलून परत जातो. गोंडोलात बसून डोंगर ओलांडला की पलीकडे त्याच्यासारख्याच दुसऱ्या माणसाचं नाव मतदार यादीत असतं.